चार वर्षांची पदवी आणि दहा वर्षांचा हप्ता

(एस. वाय. बी. ए., अर्थशास्त्र)

आमच्या घरात सध्या एका वहीवरून वाद चालू आहे. वही माझी, दोनशे पानी, अर्थशास्त्राच्या टिपणांसाठी घेतलेली. परंतु दिवाळीपासून तिच्या मागच्या पानांवर मी एक वेगळाच हिशेब मांडत आले आहे. माझी धाकटी बहीण यंदा बारावी सायन्सला आहे आणि तिला बायोमेडिकल इंजिनीअरिंगची पदवी घ्यायची आहे. ती घ्यावी की न घ्यावी, घेतली तर कर्ज काढून घ्यावी काय, आणि काढलेले कर्ज कोणी व कशातून फेडावे, हा त्या हिशेबाचा विषय. विषय घरगुती वाटेल. पण आपल्या महाविद्यालयात एस.टी.च्या पासावर येणाऱ्या कितीतरी मुलामुलींच्या घरी असा हिशेब झालेला असेल, किंवा व्हायला हवा असताना झालेला नसेल. म्हणून तो या अंकात मांडण्याचे धाडस करीत आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. तेव्हा चूकभूल प्राध्यापकांनी पदरात घ्यावी.

प्रथम ही पदवी म्हणजे काय ते सांगते, कारण वर्षापूर्वी मलाही ते ठाऊक नव्हते. दवाखान्यात डॉक्टर असतो, परिचारिका असते, औषधे असतात. आणि यांच्याइतकीच आज यंत्रे असतात. क्ष-किरणाचे यंत्र, डायलिसिसचे यंत्र, व्हेंटिलेटर, नवजात बाळांना ऊब देणारी पेटी. ही यंत्रे तयार करणे, बसवणे, त्यांचे माप बरोबर आहे की नाही हे वेळोवेळी तपासणे आणि बिघडली तर दुरुस्त करणे हे या अभियंत्याचे काम. म्हणजे निम्मा इलेक्ट्रॉनिक्सचा आणि निम्मा शरीरशास्त्राचा माणूस.

धाकटीला हे वेड कोठून लागले? २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आमची आजी एका रुग्णालयात होती. आप्पा रोज संध्याकाळी येऊन ओट्यावर लांब बसत आणि तेथूनच हकिगत सांगत. आजीच्या खाटेपलीकडे एक नवे कोरे यंत्र प्लास्टिकच्या वेष्टणात उभे आहे, ते जोडणारा माणूस यायचा आहे, असे त्यांनी तीन दिवस सांगितले. माणूस आला नाही. आजी नवव्या दिवशी गेली. यंत्र चालू असते तर ती वाचली असती असे मी म्हणत नाही. डॉक्टरांनीही तसे म्हटले नाही. पण धाकटी तेव्हा बारा-तेरा वर्षांची होती, आणि ‘तो जोडणारा माणूस म्हणजे कोण?’ असे तिने आप्पांना विचारले होते. आप्पांना उत्तर देता आले नव्हते.

असा माणूस नसला म्हणजे काय होते हे महाराष्ट्राने त्याच वर्षी पाहिले. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून १० बाळे दगावली. मे महिन्यात तेव्हाच्या औरंगाबादेत नादुरुस्त व्हेंटिलेटरांचा प्रश्न थेट उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे गेला. तेव्हा या विद्येची गरज आहे की नाही याबद्दल आमच्या घरात मतभेद नाहीत. मतभेद आहेत ते, गरज आणि पगार या दोन गोष्टी एकत्र नांदतात काय, याबद्दल. अर्थशास्त्राच्या पहिल्याच वर्षी आम्हांला शिकवतात की नुसती गरज म्हणजे मागणी नव्हे. गरजेच्या मागे पैसे मोजण्याची तयारी असेल तरच ती मागणी. हे वाक्य मी परीक्षेत दोनदा लिहिले, पण त्याचा अर्थ मला कळला तो मामेभावाकडे पाहून.

मामा एस.टी.त वाहक. मामेभावाने मुंबईच्या एका खासगी महाविद्यालयातून हीच पदवी २०२२ साली घेतली. शुल्काची निम्मी सवलत मिळूनही वसतिगृह, खानावळ धरून वर्षाला दीड लाख लागत, असे चार वर्षांचे ६ लाख रुपये त्याने बँकेतून उचलले. व्याज १० टक्के. शिकत असताना आणि पुढे एक वर्ष हप्ता नसतो, परंतु व्याज मात्र झोपत नाही. पहिल्या दीड लाखावर पाच वर्षांचे, दुसऱ्यावर चार, मग तीन, मग दोन, असे सरळव्याज २ लाख १० हजार झाले. म्हणजे हप्ता सुरू होण्याच्या दिवशी ६ लाखांचे ८ लाख १० हजार. दहा वर्षांत फेडायचे तर दरमहा १०,७०४ रुपये. पुण्याच्या एका रुग्णालयात त्याला पहिला पगार मिळाला १५ हजार. हप्ता सुरू झाला तेव्हा तो १८ हजारांवर पोहोचला होता. अठरातून दहा हजार सातशे गेले तर पुण्यात माणसाने खावे काय? निम्मा हप्ता अजून मामाच भरतात. मामेभाऊ आता एका कंपनीकडून गावोगाव यंत्रे दुरुस्त करीत फिरतो, २६ हजार मिळवतो आणि पिशवीत नेहमी दोन पेचकस बाळगतो. राखीला आला तेव्हा मी विचारले, ‘दादा, पस्तावला का?’ तो म्हणाला, ‘काम आवडतं. हप्ता नसता तर आणखी आवडलं असतं.’

पगार असा कमी का, हे समजून घेण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला. आपल्या देशात वापरली जाणारी बहुतांश वैद्यकीय उपकरणे बाहेरून येतात. म्हणजे त्यांची रचना करण्याचे, शोध लावण्याचे, भरपूर पगाराचे काम दुसऱ्या देशांत होते आणि आपल्या वाट्याला विक्री आणि दुरुस्ती उरते. दुरुस्तीसाठी इलेक्ट्रॉनिक्सचा, इन्स्ट्रुमेंटेशनचा मुलगाही चालतो. त्यामुळे एका जागेला चार शाखांची मुले उभी राहतात. सरकारी दवाखान्यांत कायमची पदे असतील असे मला वाटत असे. तेथे २०१५ पासून राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली अनेक राज्यांनी यंत्रांची देखभाल ठेक्याने कंपन्यांकडे दिलेली आहे, आणि ठेकेदार पगार कसा ठरवतो हे खानदेशातल्या माणसाला सांगायला नको. अपवाद आहेत. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने हृदयाची कृत्रिम झडप येथेच बनवली, १९९० साली ती प्रथम माणसाच्या हृदयात बसवली, आणि परदेशी झडपेपेक्षा ती पुष्कळ स्वस्त पडली. धाकटी या झडपेचे चित्र अभ्यासाच्या टेबलावर लावून बसते. पण अशा संस्था किती आणि त्यांत जागा किती?

याचा अर्थ इतर शाखांचे फार बरे चालले आहे असा नव्हे. मोठ्या संगणक कंपन्या नव्या अभियंत्याला २०१० च्या सुमारास वर्षाला तीन-सव्वातीन लाख देत. आजही आकडा साडेतीन लाखांच्या आसपासच रेंगाळतो आहे. दरम्यान खानावळीचे ताट कोठल्या कोठे गेले.

येथे महाविद्यालयांच्या माहितीपुस्तिकांबद्दल थोडे बोलणे भाग आहे. त्यांत हसऱ्या मुलांची छायाचित्रे असतात आणि खाली ‘सर्वोच्च पॅकेज’ छापलेले असते. फार झाले तर ‘सरासरी’. आता समजा पाच मुले आहेत. चौघांना १५ हजार मिळतात आणि एकाला १ लाख. सरासरी येते ३२ हजार, जो पगार पाचांपैकी एकालाही मिळत नाही. पाचांना ओळीत उभे करून मधल्याचा खिसा तपासला तर १५ हजारच निघतात. याला मध्यक म्हणतात आणि तो शाळेतच शिकवतात. शाळेतल्या मुलाला जे कळते ते पुस्तिका छापणाऱ्यांना कळत नसेल असे कसे मानावे? माझे स्पष्ट मत आहे की पदवीनंतर एका वर्षाने आणि तीन वर्षांनी मुलांचा मध्यक पगार किती, आणि किती जणांना काहीच काम मिळाले नाही, हे दोन आकडे शुल्काच्या आकड्याशेजारी त्याच आकाराच्या अक्षरांत छापण्याची सक्ती असावी. खताच्या गोणीवरसुद्धा आत काय आहे ते छापावे लागते.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली, तेव्हापासून खेड्यातल्या मुलाला जागा मिळू लागली हे खरेच. आणि तेव्हापासून जागेला किंमत लागली हेही तितकेच खरे. मी त्या धोरणाला नावे ठेवणार नाही. ते नसते तर मामेभाऊ अभियंता झालाच नसता.

आता धाकटीचा हिशेब. तो मामेभावासारखा नाही, आणि हेच मला आधी कळले नव्हते. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने निर्णय काढला की आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्गीय घरांतील ज्या मुलींचे कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ. अट एवढीच की प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला पाहिजे. व्यवस्थापनाच्या कोट्यातून नव्हे. आम्ही त्यात बसतो. तेव्हा शुल्क गेले. उरला मुंबईत राहण्याचा खर्च. दरमहा नऊ हजार धरले तर दहा महिन्यांचे नव्वद हजार, जाण्यायेण्याचे आणि पुस्तकांचे दहा; वर्षाला १ लाख, चार वर्षांचे ४ लाख. (लॅपटॉप यात धरलेला नाही, त्यावर घरात स्वतंत्र वाद आहे.) इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, तीतून मुंबईत राहणाऱ्याला वर्षाला ६० हजार मिळतात, पण जिल्ह्याला जागा मोजक्या, म्हणून ती मी हिशेबात धरत नाही. मिळाली तर गुढीपाडवा.

४ लाखांपर्यंतच्या शिक्षणकर्जाला बँका तारण मागत नाहीत. आम्हांला हे फार महत्त्वाचे, कारण आमच्या सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा आधीच चढलेला आहे. मामेभावाच्याच रीतीने मांडले तर ४ लाखांचे ५ लाख ४० हजार होतात आणि दहा वर्षांचा हप्ता ७,१३६ रुपये येतो. एकूण भरणा ८ लाख ५६ हजार. उचललेल्या रकमेच्या दुपटीहून अधिक. परंतु केंद्र सरकारची २००९ पासूनची एक योजना आहे, तीत साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातील मुलांचे शिकण्याच्या काळातले आणि त्यापुढील एका वर्षाचे व्याज सरकार भरते. संस्था व अभ्यासक्रम मात्र मान्यतेचे लागतात. मामांचे उत्पन्न या रेषेच्या थोडे वर गेले म्हणून मामेभाऊ हुकला. आम्ही बसलो तर कर्ज ४ लाखच राहते आणि हप्ता ५,२८६ वर येतो. सात हजार आणि पाच हजार यांत केवढा फरक आहे हे समजावताना मी आप्पांना रुपये सांगितले नाहीत. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये आहे. ७,१३६ चा हप्ता म्हणजे वर्षाला अकरा क्विंटल कापूस. आमच्या तीन एकर कोरडवाहूत चांगल्या वर्षी बारा क्विंटल निघतो. आप्पांनी हे ऐकले, उठले आणि बैलांना पाणी दाखवायला गेले.

हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या चौथ्या हिश्शाहून अधिक नसावा असे मी धरले आहे. परगावी राहणाऱ्या मुलीला याहून अधिक झेपणार नाही. मग ७,१३६ साठी साडेअठ्ठावीस हजार पगार हवा आणि ५,२८६ साठी एकवीस हजार. मामेभावाला एकवीस गाठायला दोन वर्षांहून अधिक लागली. हप्ता मात्र पगार किती आहे हे विचारायला थांबत नाही. तारीख आली की येतो. माझी खरी तक्रार येथे आहे. ऑस्ट्रेलियाने १९८९ मध्ये अशी पद्धत आणली की विद्यार्थ्याने शिकून घ्यावे, आणि त्याची कमाई ठरावीक मर्यादेच्या वर गेली तरच करासोबत थोडी थोडी परतफेड कापली जावी. कमाई नाही, तर त्या वर्षी वसुली नाही. उलट अमेरिकेत कर्जाचा असा डोंगर झाला की तेथील राष्ट्राध्यक्षांनी २०२२ मध्ये काही रक्कम माफ करण्याचे जाहीर केले आणि जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरवले. माफीच्या गोष्टी आम्हांला नव्या नाहीत. २००८, २०१७ आणि २०१९ अशा तीन शेतीकर्जमाफ्या आमच्या गावाने पाहिल्या. कोण बसले आणि कोण राहिले याच्या गोष्टी पारावर अजून चालतात. मला माफी नको आहे. पाऊस पडला तर पेरावे, तसे कमाई झाली तर फेडावे, एवढी सोय हवी आहे.

कर्ज म्हटले की वक्ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण देतात, म्हणून तेही पाहिले पाहिजे. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना अमेरिकेला पाठवले, त्याला परत येऊन संस्थानात दहा वर्षे नोकरी करण्याचा करार जोडलेला होता. १९१७ मध्ये ते नोकरीस रुजू झाले, तर त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळू दिली नाही. १९२० मध्ये लंडनचे राहिलेले शिक्षण पुरे करण्यास ते गेले ते स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज यांवर. जिद्द असली की कर्जाचे भय नाही, असा यातून अर्थ काढतात. मला दिसते ते निराळे: एवढ्या बुद्धीच्या माणसालाही करार पुरा करणे जातीने अशक्य केले, आणि पुढचे कर्ज उभे राहिले ते मित्र होता म्हणून. आमच्या ओळखीत नवल भथेना नाहीत.

आता घरातला वाद. काका म्हणतात, ‘कर्ज लिसन पोरले शिकाडसूत, आनि नोकरी नही लागनी ते?’ यातला नोकरीचा प्रश्न रास्त आहे. पण त्यांच्या पोटातला प्रश्न वेगळा आहे, आणि तो एकदा ओट्यावर सर्वांसमक्ष बाहेर पडला: हप्ते चालू असलेली मुलगी पाहायला कोण येईल? लग्न झाल्यावर तिचा पगार सासरचा, मग हप्ता कोणाचा? मुलाच्या कर्जाबद्दल असे कोणी विचारत नाही. मामेभावाला स्थळे येतात, त्यात त्याचे कर्ज दिसत नाही, पदवी दिसते. मीही एकोणीस वर्षांची आहे आणि घरात हे विषय कोणत्या आवाजात निघतात ते मला कळते. मी काकांना एवढेच म्हटले, की हुंड्यासाठी सावकाराकडून घेतलेला पैसा कोण फेडतो हे गावात कधी कोणी विचारले नाही. काका त्या दिवशी न जेवता गेले. माझे बोलणे उद्धट झाले असेल, चुकीचे झाले असे मला वाटत नाही.

हिशेबाअंती माझे मत असे झाले होते की धाकटीने जळगावच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स घ्यावे. दोन-अडीच तासांचा रस्ता, मुंबईपेक्षा निम्म्या खर्चात राहणे. कर्ज काढलेच तर दीड-दोन लाखांचे. मग ‘गेट’ परीक्षा देऊन मुंबईच्या आय.आय.टी.त बायोमेडिकलचे एम.टेक. करावे; तेथे प्रवेश मिळाला तर पैसे द्यावे लागण्याऐवजी दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी चार ठिकाणी चालते, बायोमेडिकलची एकाच. मला ही वाट बिनतोड वाटत होती.

धाकटीने वही शांतपणे वाचली आणि म्हणाली, ‘ताई, गेट किती जण देतात आणि आय.आय.टी.त किती जण घेतात, ते यात कुठं आहे? पुस्तिकेत सर्वोच्च पॅकेज छापतात तसंच झालं हे.’ मला उत्तर देता आले नाही. मग तिने विचारले, ‘तुझ्या बी. ए.चा हिशेब कोणत्या पानावर आहे?’

तो कोठेच नाही. माझ्या वेळी कोणी वही काढली नव्हती. शुल्क थोडे, बस दारावरून जाते, एवढ्यावर ठरले. कर्ज नाही म्हणजे खर्च नाही असे आम्ही धरून चाललो. वस्तुतः हीच तीन वर्षे मी काही दुसरे शिकू शकले असते, मिळवू शकले असते. ते जे गेले तोही खर्चच, त्याला आमच्या पुस्तकात संधी-खर्च म्हणतात. मला माझा विषय आवडतो. पण पदवीनंतर मला किती मिळतील हे मला मामेभावाच्या पगाराइतकेही ठाऊक नाही, आणि या अंकाच्या वाचकांपैकी किती जणांना स्वतःपुरते ठाऊक असेल याची मला शंका आहे. तेव्हा बिनकर्जाच्या पदवीवर बसून कर्जाच्या पदवीला नाक मुरडण्याचा मला फारसा अधिकार नाही.

माय यातले आकडे ऐकत नाही. ती एवढेच म्हणते, ‘तू शिकेल शेस, तूच सांग.’ हे वाक्य मला सर्वांत जड जाते.

सध्या ठरले आहे ते असे: सी.ई.टी.चे गुण येईपर्यंत कोणी रागवायचे नाही. पसंतीक्रमात मुंबईची बायोमेडिकल आणि जळगावचे इलेक्ट्रॉनिक्स दोन्ही भरायचे. वर कोणते, खाली कोणते, ते धाकटीने ठरवायचे, मात्र व्याज अनुदानाचा कागद बँकेकडून लेखी मिळाल्यावरच. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आप्पा दोनदा तहसीलला जाऊन आले आहेत. आणि मी मुंबईच्या तीन महाविद्यालयांना पत्रे लिहिली, की मागील तीन वर्षांत तुमच्या या शाखेतून बाहेर पडलेल्या मुलांचा मध्यक पगार कृपया कळवावा. दोघांकडून उत्तर नाही. तिसऱ्याकडून माहितीपुस्तिका आली आहे. कागद फार गुळगुळीत आहे. धाकटीने तिचे कव्हर रसायनशास्त्राच्या पुस्तकाला घातले.